पानगळीची भिंत

काचेची कडी सोडवून ताईंनी चपला बाहेर काढल्या आणि रांगत रांगत त्या जंगलात शिरल्या.

निसर्ग संग्रहालयातलं हे जंगल म्हणजे खोलीएवढी काचपेटी. मागच्या गोलसर भिंतीवर रंगवलेली ओकची झाडं, पुढे दोनचार खरी खोडं आणि जमिनीवर ताईंनी मेणात बुडवलेल्या कापडाची पानं. भिंत त्यांच्या धाकट्या भावानं रंगवली होती. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणायचे. भिंत त्याची, जमीन ताईंची. दोन्ही जिथे जुळत तिथे पाचोळा पसरायचं काम मात्र दोघांनी मिळून करायचं, कारण खरं कुठे संपलं आणि चित्र कुठे सुरू झालं हे बघणाऱ्याला कळता कामा नये. लंबू उन्हाळ्यात साध्या तापानं गेला. तेव्हापासून ताईंनी त्या सांध्याला हात लावला नव्हता.

आज लावायचा होता. संग्रहालयाच्या साहेबांनी कालच बोलावून सांगितलं होतं.

"ताई, माणसं इथे थांबतच नाहीत हो. वाळवंटापुढे थांबतात, बर्फापुढे थांबतात. हे जंगल धड ना घनदाट, ना उजाड. भिंत पुसून सदाहरित जंगल करू. वेली, पोपट, मोठाली पानं. पानं तुम्हीच करायची."

साहेब वाईट माणूस नव्हते, हीच पंचाईत होती. वाईट असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

आता ताई सांध्यावरची पानं वेचू लागल्या. त्यांच्या प्रत्येक पानाला मागून बारीक तार असे, बोटांना ती न बघताही लागायची. एका पानाला ती लागली नाही. मग दुसऱ्यालाही नाही. ताईंनी पान उजेडात धरलं. पापुद्र्यासारखं पातळ होतं ते, मागून चुन्याचं पांढरं. भिंतीवरचा रंग सुटून आला होता, पण कसाही नाही, अगदी पानाच्या कडेकडेनं.

त्यांनी वर पाहिलं. डावीकडचं झाड अर्धं उघडं झालं होतं. गळलेल्या पानांमागे फांद्या होत्या, पार टोकापर्यंत रंगवलेल्या.

लंबूची ती खोडच होती. आधी अख्खं झाड उघडं रंगवायचा, मग त्यावर पानं.

"झाकायचंच आहे, तर इतकं कोरत कशाला बसतोस?" ताई त्याला चिडवायच्या.

"पानांचा काय भरवसा, ताई? उद्या गळली तर खाली झाड नको?"

पाचोळा पसरताना त्याची टकळी चालू असायची. सदाहरित जंगलात पडलेलं काही राहत नाही, किडामुंगी बघता बघता फस्त करते. बर्फात पडलेलं संपतच नाही. वाळवंटात नुसतं वाळत पडतं. "हे एकच जंगल बघ, गेलेल्याला सवडीनं माती होऊ देतं." ताईंना तेव्हा हसू यायचं.

साहेबांनी येऊन भिंत बघितली. "ओल धरली असेल. चला, खरवडायचं काम वाचलं."

"सगळी गळेपर्यंत थांबा," ताई म्हणाल्या. "एवढं माझं ऐका."

साहेबांनी मान हलवली. रंगारी तसेही दुसऱ्या दालनात अडकले होते.

मग ताई रोज सकाळी आधी त्या पेटीपाशी जाऊ लागल्या. रोज पानं पडलेली असायची. पडायची तीही झाडाखाली नाही. वाऱ्यानं लोटल्यासारखी एका बाजूच्या खोडांना टेकून साचायची. काच तर घट्ट बंद. शेजारच्या वाळवंटात वाळूचा कणही हलला नव्हता.

"ताई, ह्या पेटीची काच गार लागते हो," झाडूवाल्या मावशी एकदा म्हणाल्या. "बाकीच्यांची नाही लागत." त्यानंतर ती काच त्यांनी पुसली नाही.

शेवटचं पान पडलं त्या सकाळी साहेब आले. मागे रंगारी पांढऱ्या रंगाची बादली घेऊन उभे होते.

"झालं ना ताई आता?"

ताई आत शिरल्या. भिंतीवर नुसती उघडी झाडं होती. लंबूचं एवढंच उरलं होतं, आणि आता तेही जाणार होतं. त्यांनी सांध्यावरच्या पाचोळ्यात हात घातला. वर मेणाची पानं, खाली रंगाचे पापुद्रे, आणि त्याच्याही खाली काहीतरी मऊ, ओलसर. पेटीचा तळ लाकडी होता. ताईंच्या मुठीत काळी माती आली.

मग समोरच्या फांदीच्या टोकाला काहीतरी हिरवं दिसलं. मुगाएवढा ठिपका. काल तो नव्हता. ताईंनी त्यावर अंगठा टेकवला.

रंग ओला होता.

लंबूची रंगपाटी ताईंच्याच घरी, कपाटात होती. तिच्यावरचा रंग केव्हाच दगड झाला होता.

"तुम्ही लावलात?" साहेबांनी वाकून विचारलं.

ताईंनी नुसता अंगठा पुढे केला. साहेबांनी बोट लावून पाहिलं, वास घेतला. मग ते भिंतीकडे बघत राहिले. दुसऱ्या फांदीवर आणखी एक ठिपका होता. त्याच्यापुढे आणखी.

"बादली परत न्या," ते रंगाऱ्यांना म्हणाले. आवाज खाली आला होता. "ताई, या बाहेर. काच लावून घेऊ."

ताईंनी माती होती तिथे ठेवली आणि वरून पाचोळा ओढला, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढावं तसा. बाहेर येऊन त्यांनी कडी लावली. उन्हाळ्यापासून डोळ्यांत अडकलेलं पाणी तेव्हा कुठे वाहिलं.

घरी पोचेपर्यंत त्यांनी अंगठा कशाला लागू दिला नाही. कपाटातली रंगपाटी काढून पाहावी, असं फार वाटलं. पाहिली नाही. झोपण्याआधी त्यांनी कपाटाचं दार फक्त थोडं उघडं ठेवलं.