पाच वाजायच्या आत

सुयुनबेक अकेंच्या अंगणात झूरानं आणि मी अडीचला पाऊल टाकलं, तर समोर नुकतंच मेंढरू कापलेलं. पाहुण्यासाठी मेंढरू कापलं की मांस पुढ्यात येईपर्यंत पाहुण्यानं उठायचं नसतं. ते शिजायला तीन तास लागणार, आणि झूराचा हक्क पाचला संपणार.

बिश्केकच्या बाजारात झूराचं कापडाचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच; मला ती एजे म्हणते, थोरली बहीण. दुकान अकेंचं, भाडं हिचं. सात वर्षांपूर्वीच करार झाला होता: ठरलेल्या भावात दुकान विकत घ्यायचा हक्क झूराचा, फक्त तसं पत्र मुदतीत मालकाच्या हातात, साक्षीदारासमोर द्यायचं. आता भाव तिप्पट झाला होता. अके दहा दिवस फोन बंद करून गायब, आणि आज शेवटच्या दिवशी स्वतःहून निरोप, "चहाला या." पाणी कुठं मुरतंय ते मला कळलं होतं. झूराला नाही. आम्ही त्यांना अके, थोरला भाऊ म्हणतो, पण तिला ते बापासारखे.

साक्षीदार म्हणून मी शेजारी बसले होते. झूरानं पत्राचं पाकीट काढलं की अके हसून म्हणायचे, "पोरी, दस्तरखान पसरलंय, त्यावर भाकरी आहे. भाकरीसमोर कागद काढतात का? आधी मांस येऊ दे."

आणि ही मूर्ख पोरगी पाकीट परत पिशवीत ठेवायची!

"अगं, दे ना त्यांच्या हातात," मी कुजबुजले.

"कसं देऊ, एजे? हात रिकामा कुठंय?"

खरंच नव्हता. एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात जपमाळ. माणूस दोन तास किटली खाली ठेवेना. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले. झूराचे ओठ पांढरे पडले होते. सात वर्षं बर्फात उभं राहून जमवलेलं दुकान चहाच्या घोटाघोटानं चाललं होतं, आणि मला त्या म्हाताऱ्याची दाढी उपटावीशी वाटत होती.

कोपऱ्यात अकेंची आई बसली होती, नव्वदीची, सगळे तिला अपा म्हणायचे. मी तिच्याकडे वळले. "अपा, चहा झाला. दुवा द्या ना."

"मांस यायचंय अजून," अके घाईनं म्हणाले.

"चहाची दुवा वेगळी, मांसाची वेगळी," म्हातारी फटकारून बोलली. "हात पसर, सुयुनबेक. किटली ठेव ती!"

आईची दुवा. किटली खाली आली, जपमाळ मांडीवर आली. सगळ्यांनी तळवे वर करून पसरले. दुवा संपेपर्यंत ते मिटायचे नसतात. अपा सावकाश बोलू लागली, घराला बरकत, गुरांना चारा, लेकरांना आयुष्य. मी झूराला कोपरानं असं ढोसलं की ती कळवळली. मग तिला कळलं. तिनं पाकीट काढलं आणि अकेंच्या उघड्या तळव्यांवर ठेवलं.

आईसमोर अके हात झटकणार कसा?

"ओमिन!" अपा म्हणाली. सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. अकेंनी पाकिटासकट.

"पाचला दहा कमी," मी मोठ्यानं म्हणाले. "साक्षीदार मी, बुबुसरा."

"काय आहे रे ते?" अपानं विचारलं.

"दुकान विकत घ्यायचं पत्र, अपा," झूरा म्हणाली. "आज पाचच्या आत यांच्या हातात द्यायचं होतं."

म्हातारी लेकाकडे वळली. "मला तर म्हणालास, पोरगी दुकान सोडून चालली, निरोपाचं मेंढरू कापू."

अकेंनी मान खाली घालून पुन्हा किटली उचलली. मला वाटलं, झूरा आता रडेल किंवा उठून जाईल. तिनं डोक्याचा रुमाल नीट केला आणि चहाची रिकामी वाटी त्यांच्यापुढे धरली.

"ओता, अके," ती म्हणाली. "मांस शिजेपर्यंत आता मला काही घाई नाही."