चौकोनी भोकाची देवलिपी

मलप्पाच्या वावरात अख्खं गाव लोटलं होतं. पाणी शोधून देणाऱ्या झरेबाबांनी काठी जमिनीत रोवली, जलदेवीला आरोळी ठोकली, माती उकरली आणि मधोमध चौकोनी भोक असलेलं पितळी नाणं वर काढलं. दोन दिवसांतलं हे तिसरं. त्यावर चार अनोळखी अक्षरं होती.

“देवलिपी हाय ही! माणसाला वाचता येत न्हाई, म्हणूनच देवाची!” बाबा गरजले. हा युक्तिवाद साऱ्यांना पटला, इतका दुष्काळानं जीव मेटाकुटीला आला होता. “नाणं उगवलं तिथंच बोअर पाडा. खाली गंगा वाहतीय!”

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि गावाच्या वाट्याला बोअरची गाडी आली होती, तीही उद्याच्या एका दिवसापुरती. सरकारच्या भूजलवाल्यांनी शाळेजवळ चुन्याची खूण केली होती. आता बोअर मलप्पाच्या वावरात पडणार आणि बायकांनी त्याच्या मर्जीनं घागर भरायची! साठी उलटलेली सिद्धम्मा रोज दोन कोस पाणी वाहत होती. तिचं डोकं भडकलं. ती तरातरा घरी गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली.

तिचे वडील हवालदार होते. दुसऱ्या महायुद्धात मलायाच्या लढाईतून त्यांनी तिथल्या चिनी लोकांकडची डबाभर जुनी नाणी आणली होती आणि लेकीला ती ओळखायलाही शिकवलं होतं.

“बाबा, नाणं उलटं धरलंय तुम्ही,” ती म्हणाली. “राजा डोक्यावर उभा हाय.”

“कुठला राजा?”

“चीनचा. वरचं न् खालचं अक्षर मिळून त्याच्या राजवटीचं नाव. हे बघा माझं, तीच चार अक्षरं.”

गर्दीत खसखस पिकली. बाबा डगमगले नाहीत. “चीनच्या राजाला अक्षरं दिली कुणी? देवीनंच!”

“बरं. माझी धा नाणी बघा. वाळूच्या साच्यात ओतलेली. दर खेपेला साचा मोडायचा, नवा करायचा. म्हणून कुणाला इथं खड्डा, कुणाला तिथं. आता देवीची तीन बघा. डाव्या अक्षराच्या शेपटाशी व्रण. तिन्हींना तिथंच! जमिनीतून उगवली, तर तिन्हींना एकच जखम कशी?”

बैलांच्या घंटा ओतणाऱ्या गुरुलिंगनं अंगठा फिरवून पाहिला. “अक्का खरं बोलतीय. एकाच नाण्याचा ठसा घेऊन तिन्ही ओतलीत.”

“मग जमिनीत शिरली कशी?” मलप्पा खेकसला.

“काठी द्या बाबा. दर खेपेला आधी तीच रोवताय,” सिद्धम्मा म्हणाली.

“हात लावू नको! विटाळंल!”

“विटाळू द्या!” तिनं काठी हिसकावली. पोकळ बांबूच्या तळाशी सरकती पितळी टोपी होती. ती सरकवताच पाच नाणी टपाटप पडली. पाचांनाही तोच व्रण होता.

बाबांनी वाट धरली. मलप्पा मात्र हटेना. “चुन्याच्या खुणेवर तरी पाणी लागंलच कशावरून?”

“न्हाई बी लागणार. पण त्यांनी जमीन तपासून खूण केलीय. चुकलं तर का चुकलं ते इचारता येतंय. तुझ्या देवीला काय इचारू?”

सकाळी गाडी आली, तेव्हा सिद्धम्मा रिकामी घागर घेऊन चुन्याच्या खुणेवरच बसली होती. भोवती गावातल्या बाया उभ्या होत्या. जमलेल्या पोरांना तिनं नाणं सुलटं धरून दाखवलं.

“वाचता येत न्हाई त्याला हात जोडायचे न्हाईत. वाचायला शिकायचं.”