हाताला न कळलेला ताप

हॉटेलच्या किचनमध्ये एक शेगडी असते, जिची आच खालून नाही, वरून येते. पदार्थाचा माथा खरपूस करायचा तर तो तिच्याखाली सरकवायचा. तिला म्हणतात सॅलमँडर. सव्वीस वर्षं तिच्यापुढे उभ्या राहिलेल्या एका आचाऱ्यालाही ते नाव चिकटलं, कारण तो चिमटा वापरत नसे. तापलेली ताटली सरळ हातानं ओढायचा. नवे आचारी तोंडात बोटं घालायचे, तर म्हणायचा, "घाला, घाला. तोंडात असली की निदान भाजत तरी नाहीत."

घरी बायको हाक मारायची, "अहो सॅलमँडर, पातेलं उतरवा, सांडशी सापडत नाहीये." त्या घरात सांडशी कधी सापडलीच नाही. शोधतंय कोण?

मुलगी शाळेत असताना शब्दकोश घेऊन धावत आली होती. "बाबा, सॅलमँडर हा प्राणी आहे! आगीत राहतो नि जळत नाही, असं जुने लोक मानायचे. फारसीतले 'आग' आणि 'आत' या अर्थांचे दोन शब्द जोडून नाव पडलं असेल म्हणे. पण नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला होता, आणि आठवडाभर छाती फुगवून फिरला होता.

बायकोला जाऊन आता अकरा दिवस झाले होते. मुलगी सासरहून आली होती, आईच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"डॉक्टर म्हणाले, ताप दोन दिवस तरी अंगात होता. आई काहीच बोलली नाही?"

ती बोलली होती. "अंग कसकसतंय, बघा हो जरा." त्यानं कपाळावर हात ठेवला होता. "छे, गार आहेस की. उगीच आपलं काहीतरी." दुसऱ्या दिवशीही तेच. तिनं मान डोलावली होती. उभा जन्म आगीशी काढलेल्या माणसाला ऊन-गार कळणार नाही, तर कुणाला कळणार? थर्मामीटर कपाटात डबीतच राहिला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सनं आकडा वाचला, एकशे चार. त्याचा हात तेव्हाही तिच्या कपाळावर होता, आणि हाताला ती गारच लागत होती.

बाप बोलत नाही म्हटल्यावर मुलीनंच विषय बदलला. ती आता शाळेत जीवशास्त्र शिकवायची. "ते आगीतलं सगळं खोटं बरं का, बाबा. ओल्या ओंडक्यात दडणारा गार अंगाचा जीव तो. ओंडका आगीत पडला की तो जिवाच्या आकांतानं बाहेर पळतो. लोकांना वाटलं, आगीतच राहतो."

"म्हणजे त्याला भाजतं?"

"भाजणारच की. भाजतं म्हणून तर पळतो नि वाचतो."

त्यानं दोन्ही तळवे मांडीवर उताणे करून ठेवले.

"मला नाही भाजत गं," तो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं, दोन्ही दिवसांचं. दोन्ही वेळा 'गार' म्हटल्याचंही.

मुलीच्या हातातली घडी मोडली. ती उठली, कपाटाशी गेली, थर्मामीटरची डबी काढून तशीच पाठमोरी उभी राहिली. आता ही ओरडेल, तो मनात म्हणाला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती येऊन त्याच्यापुढे बसली, त्याचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. "सांगा, ऊन आहे की गार?"

ओलं आहे, एवढं त्याला कळलं. बाकी काही नाही.