दहाचा आकडा

रमजान लागला आणि मशिदीवरची दिव्यांची पाटी बिघडली. सूर्य बुडाला, अजान झाली, तरी ती लालच, हिरवी होईना. केर्केना बेटावरच्या आमच्या गावात सगळ्यांना कान आहेत, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते तिजानीकाकांचं. म्हातारा ठार बहिरा, आणि हट्टी इतका की नुसत्या घड्याळावर रोजा सोडणार नाही; पाटी हिरवी हवी, नाहीतर कुणी सांगायला हवं.

मी समोरच्या घरात एकटी राहते. नवरा मार्सेलला गेला तो तिथलाच झाला. पहिल्या संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर घरोघरी चमचे वाजताहेत आणि काका अंगणात हातात खजूर धरून पाटीकडे बघत बसलेत. मी तशीच ताट घेऊन धावले आणि त्यांच्या हाताला हात लावला.

"अजान झाली?" ते ओरडले.

मी मान डोलावली.

"मग बस की! उभ्याने जेवायला तू काय बकरी आहेस?"

मग रोजच जाऊ लागले. अंडं भरून तळलेलं माझं ब्रिक करपलं की म्हणायचे, "उगाच नाही पळाला तुझा नवरा!" त्यांनी म्हटलं तर मला हसू यायचं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ताट डोक्यात घातलं असतं.

मशिदीचे राखणदार मुख्तारभाऊ एके दुपारी वाटेत भेटले.

"सोंदेस, नवा संगणक आणल्यापासून पाटीचं हे असं चाललंय. पाटीचा प्रोग्राम तूच लिहिलास ना? बघ की जरा."

"पाटीकडे बघतं कोण, मुख्तारभाऊ?"

"तिजानी बघतो. आणि तू तिजानीकडे."

मी मशिदीतल्या संगणकापुढे जाऊन बसले. पाटीला शब्द कळत नाहीत, नुसते आकडे कळतात. 'हिरवी हो' म्हणजे दहा. पण मजकूर पाठवायच्या सवयीने नवा संगणक दहा म्हणजे ओळ संपली असं समजे आणि दहाच्या आधी आगाऊपणाने तेरा घुसडी. तेराचा हुकूम पाटीला ठाऊकच नव्हता, म्हणून ती पुढचं सगळंच टाकून देई. उपाय एका ओळीचा: आकडे दिलेत तसेच पाठव, मधे काही घालू नकोस.

ओळ लिहिली आणि बोट थबकलं. पाटी चालू झाली की काका मला कशाला विचारतील? लगेच स्वतःचीच चीड आली. म्हाताऱ्याला उपाशी ठेवून सोबत मिळवायची होय? बटण दाबलं.

त्या संध्याकाळी सवयीने दोघांपुरतं जवाचं सूप केलं. अजान झाली, पाटी हिरवी झाली. काकांनी खजूर तोंडात टाकला. मग माझ्या खिडकीकडे वळून दोन्ही हात हलवत अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "झाली गं, झाली! दिसली मला! आता धावपळ नको, तू जेव निवांत तुझ्या घरी!"

मीही हात हलवला. आणि तिथेच, खिडकीत उभ्या-उभ्या जेवले.