माझ्या पाठीवरचं वाळवंट

मित्रांनो, मी एक जुनी रंगपाटी आहे. तुम्ही मला पॅलेट म्हणाल. अंगठा घालायला एक भोक आणि बाकी सगळं सपाट, त्यामुळे नेरूळच्या आमच्या घरी येणारे पाहुणे मला हमखास फुटका पोळपाट समजतात. मी मनावर घेत नाही. जे माझ्यावर बेतलं, त्यातून सुखरूप सुटले हेच खूप आहे.

माझा जन्म साताऱ्याजवळचा. मानसिंग सुतारांनी मला शिवणीच्या झाडाच्या फळीतून कापलं, कडा घासल्या आणि आठवडाभर रोज जवसाचं तेल पाजलं. माझे मालक दिनानाथराव तेव्हा चित्रकला शिकत होते. डोंगर, ओढे, ज्वारीची रानं, जे दिसेल ते उघड्यावर बसून रंगवायचे. पुढे त्यांना बेलापूरच्या कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, नेरूळला फ्लॅट मिळाला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे एका मोडक्या पंख्याच्या सोबतीने मी बारा वर्षं काढली. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

मग १९९४च्या जानेवारीत साठवलेली सगळी रजा घेऊन दिनानाथराव मला जैसलमेरच्या वाळवंटात घेऊन गेले. पंधरा दिवस आम्ही वाळूत बसलो. तिथला रंग घटकेघटकेला बदलायचा. तो विसरू नये म्हणून ते प्रत्येक वेळी जुळवलेल्या रंगाचा एक ठिपका माझ्या पाठीवर लावायचे आणि खाली पेन्सिलने लिहायचे : ‘सकाळी सात, उजेड’, ‘दुपारी बारा’, ‘संध्याकाळ, सावली’. असे एकतीस ठिपके झाले. अख्खं वाळवंट पाठीवर घेऊन मी परत आले.

घरी त्यांनी मोठं चित्र सुरू केलं. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी वाशीला प्रदर्शन होतं, बावन्नाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं. आकाश झालं होतं, वाळू बाकी होती. नेरूळच्या दमट उजेडात ती आठवेना, म्हणून ब्रश उचलण्याआधी ते मला उलटी करून बघायचे.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं घासूनपुसून पुजायची असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दिनानाथराव सकाळी फुलं आणायला गेले आणि त्यांच्या पत्नी अरुणाबाईंनी मोठ्या हौसेने मला गोजराच्या हाती दिलं. गोजरा नेरूळ गावातली, आमच्याकडे धुण्याभांड्याला यायची. तिने रॉकेल लावलं, कालथ्याने खरवडलं. वर्षानुवर्षांची पुटं निघाली आणि मी आरशासारखी लखलखले. काम आटोपून ती घरी गेली, आणि अरुणाबाईंनी मला पाटावर उताणी मांडून हळदकुंकू वाहिलं.

दिनानाथराव आले आणि दारातच थबकले.

“अहो, बघा तरी कशी चमकतेय!”

“मागची बाजू?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“दोन्हीकडून घासायला सांगितलं होतं मी. का हो?”

“अगं, वाळूचे सगळे रंग मागेच होते.”

अरुणाबाईंचा चेहरा उतरला. “अगंबाई! मला वाटलं, जुना मळ बसलाय.”

“राहू दे. टेन्शन घेऊ नकोस,” ते म्हणाले आणि आणलेली फुलं त्यांनी पाटाशी ठेवली.

पुजलेली वस्तू दसऱ्याच्या उत्तरपूजेआधी हलवायची नाही, असा आमच्या घरचा रिवाज. आणि खरं सांगायचं तर मला उचलून बघायचा त्यांना धीरच झाला नाही. दिवसभर ते त्या अर्ध्या चित्रासमोर हात बांधून बसले. मित्रांनो, माझी पाठ मला ठाऊक होती! ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लाकडाला कुठून वाचा येणार?

दसऱ्याला अरुणाबाईंनी माझ्यावर अक्षता टाकल्या. दिनानाथरावांनी डोळे मिटून मला उलटं केलं, मग हळूच उघडले. एकतीसच्या एकतीस ठिपके जागच्या जागी! त्यांनी मला छातीशी धरलं आणि ते हसता हसता रडले. अरुणाबाई तर मटकन खालीच बसल्या.

दुपारी गोजरा सोनं द्यायला आली.

“गोजरा, हिची पाठ का नाही घासलीस?” अरुणाबाईंनी विचारलं.

ती बिचारी घाबरली. “बाय, रागावू नका. तिथं अक्षरा लिवलेली. मना वाचता येत नाय, पन सरस्वती हाय ना ती? तिच्यावर घासनी कशी फिरवू?”

दिनानाथरावांनी तिला वाकून नमस्कार केला. ती ‘अवो, अवो’ करत मागे सरली.

वाशीच्या प्रदर्शनाला गोजरा ठेवणीतलं लुगडं नेसून आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “हात लावला तं चटका बसंल.” दिनानाथराव म्हणतात, एवढी मोठी दाद त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही.

आता मी म्हातारी झाले. दर खंडेनवमीला अरुणाबाई मला पाटावर पालथी मांडतात आणि हळदकुंकू कडेला वाहतात. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पुसा, लखलखीत करा. फक्त त्याआधी एकदा उलटून बघा. कुणाचं तरी वाळवंट तिथे जपून ठेवलेलं असेल.