काका कळ दाबू देत नाहीत

औषधभांडाराच्या दारात एवढी गर्दी की डॉक्टर असूनही मला कोपरानं वाट काढावी लागली. आत भूतबाधा उतरवायला बोलावलेले एक बाबा डोळे मिटून उभे, आणि कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत आमची ऑपरेटर मुलगी अंग चोरून बसली होती.

"कर जतन, मुली," बाबा म्हणाले.

तिनं 'जतन' अशी चिठ्ठी लावलेली कळ दाबली. पडद्यावरचं रुग्णाच्या औषधांचं अख्खं पान पुसलं गेलं. दारातल्या नर्स किंचाळल्या.

ती खुर्ची काकांची, म्हणजे जुन्या कारकुनांची. याच टेबलावर डोकं टेकून ते गेले. हिला काम त्यांनीच शिकवलं, लेकीसारखं. पुढं जुनी टर्मिनलं, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेले नुसते पडदे आणि कीबोर्ड, जाऊन नवे कॉम्प्युटर आले आणि हिच्या हातून एक पान जतन होईना.

बाबांनी शेजारच्या टेबलावरच्या भांडारप्रमुखांना खुर्चीत बसवलं. त्यांनी कळ दाबली आणि पान जतन झालं!

"पाहिलंत? आत्म्याचा राग हिच्यावरच! आम्ही तारेतून गुरुलहरी सोडल्या, त्याही थकल्या. हिनं खुर्ची सोडावी, नाहीतर तो हिला घेऊन जाईल."

लहरींनासुद्धा थकवा येतो, ही माहिती मला नवीन होती.

मुलीनं माझा हात धरला. "डॉक्टरबाई, काका का हो रागावले? मी उद्यापासून येत नाही." घरात मिळवती ती एकटीच.

मी स्वतः बसले, 'जतन' दाबलं. पान गेलं! खरं सांगते, अंगावर काटा आला. पण काटा ओसरल्यावर प्रश्न उरला: काका माझ्यावर कशाला रागावतील?

"बाबा, आता तुम्ही दाबा."

"आम्ही यंत्राला शिवत नाही."

"लहरी चालतात आणि बोट चालत नाही?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. बाबांना दाबावंच लागलं. पान गायब! चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला.

"साहेब, तुम्ही पुन्हा दाबा. सावकाश," मी भांडारप्रमुखांना म्हटलं. त्यांचं बोट 'जतन'वर गेलंच नाही. ते चार कळा पुढं गेलं.

"चिठ्ठी वाचली नाहीत?"

"वाचायची कशाला? माझ्या टेबलावर हीच कळ चालते."

"मग या चिठ्ठ्या लावल्या कुणी?"

"मी," मुलगी पुटपुटली. "जुन्या कीबोर्डवरच्या, काकांच्या अक्षरातल्या. टाकवेनात मला. होत्या त्याच क्रमानं वरच्या ओळीत डावीकडून लावल्या."

झालं! जुनाच प्रोग्रॅम चालवायला नवा कॉम्प्युटर जुन्या टर्मिनलचं सोंग घेतो, पण त्याचा कीबोर्ड वेगळा. जुन्यावर चार कळा वरच्या ओळीत नव्हत्याच, त्या उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनावर होत्या. नव्यावर त्या वरच्या ओळीत अगदी डावीकडे आल्या आणि बाकीच्या चार घरं पुढं सरकल्या. 'जतन'ची चिठ्ठी बसली ती पान पुसणाऱ्या कळेवर.

मी चिठ्ठी सोडवून चार घरं पुढं चिकटवली. "दाब."

"भीती वाटते."

"वाटू दे. डोळे उघडे ठेव आणि दाब."

तिनं दाबली. पान जतन झालं. ती हुंदके देऊ लागली. "म्हणजे काका रागावले नव्हते!"

बाबा कधी सटकले, कुणाला कळलंच नाही.

भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटली. पण तिच्या नावानं कुणाला खुर्चीतून उठवण्याआधी तीच कळ दुसऱ्यालाही दाबायला लावा. एवढं केलंत तरी एखाद्या पोरीची भाकरी वाचेल.