निर्जन माळावरचा वाघोबा

इंदुरीची गढी बघून गाडी लोणावळ्याकडे निघाली, तेव्हापासून अपेक्षा मॅडम अमेरिकेतल्या आदिवासींसाठी हळहळत होत्या. पंधरा वर्षं तिकडे राहिलेल्या बाई. गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर पाच दिवस नुसत्या गवताच्या माळांतून गाडी हाकली म्हणे. गोऱ्यांनी तिथल्या मूळ माणसांना हुसकावलं आणि वर त्यांचीच नावं गावांना दिली, किती निर्लज्ज लोक, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. गाडी चालवत होता भाड्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर उमेश. तो लोणावळ्याजवळ भुशीच्या वरच्या ठाकरवाडीतला, स्वतःच आदिवासी. ज्या माळांवर त्याच्या आज्याने गुरं चारली, तिथे आता बंगले होते. मॅडमनी विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की एसी आणखी वाढतो का.

उमेशच्या डोक्यात सोमवार घोळत होता. उरलेल्या माळाची जमीन आपली म्हणून वाडीने वनहक्काचा दावा लावला होता आणि सोमवारी पाहणीला साहेब येणार होते. वाडीकडे जुना कागद एकही नव्हता. होता तो माळावरचा वाघोबा, दगडात कोरलेला, पाच पिढ्यांच्या शेंदराने माखलेला. देव इथे आहे म्हणजे माणसं इथे होती, एवढाच काय तो पुरावा. नोकरीमुळे उमेश तळेगावात खोली करून राहायचा. दिवाळीतल्या वाघबारशीच्या पूजेनंतर तो माळावर चढलाच नव्हता.

वाडीच्या खालच्या अंगाला नवीन झालेल्या रिसॉर्टवर त्याने मॅडमना उतरवलं, बॅगा घेऊन आत गेला आणि पोहण्याच्या तलावापाशी थबकला. तिथे वाघोबा उभा होता. शेंदूर खरवडून काढलेला, वर सोनेरी रंग फासलेला आणि डोक्यावर कुणाची तरी ओली चड्डी वाळत घातलेली. शेजारी चकचकीत पितळी पाटी : ‘निर्जन माळावर सापडलेले प्राचीन व्याघ्रशिल्प’. उमेशने बॅगा तिथेच ठेवल्या आणि जाब विचारायला मॅनेजरला गाठलं.

मॅनेजर कैलास खालच्या गावातल्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा. उमेशच्या बापाने, बहिरूने, आणून दिलेली करवंदं खाऊन वाढलेला. त्याने कपाटातून एक कागद काढून पुढे केला. माळावर वस्ती नाही, दगड बेवारस होता, असं त्यावर छापलेलं आणि खाली बहिरूचा अंगठा.

“आमी चोरी न्हाई केली,” कैलास म्हणाला. “तुझ्या बापानं सोता उचलून दिलाय.”

तेवढ्यात मॅडम आल्या. दोन बोटांनी चड्डी बाजूला टाकून त्यांनी वाघोबाच्या गळ्यात हात घातला आणि उमेशला फोटो काढायला सांगितलं. त्याने काढला. एक नीट आला नाही म्हणून दुसराही काढला. आपल्याच बोटांची त्याला किळस आली.

बापाला फाडून खायचं ठरवूनच तो वाडीवर पोचला. बहिरू दारात बसला होता. विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही. देवासाठी नारळ घेऊन आलेल्याला माघारी लावायचं नाही, ही वाडीची रीत. रिसॉर्टवाले नारळ घेऊन आले, देवाला छप्पर देतो, रोज दिवा लावतो म्हणाले. अंगठा कशाला, असं विचारलं तर देव मिळाल्याची पावती म्हणाले. म्हाताऱ्याला कसला पश्चात्ताप नव्हता, उलट तो खुशीतच होता.

“सोमवारी सायबाला तितंच नेतो,” तो म्हणाला. “म्हनतो, बगा, ह्यो आमचा देव. आता लय मोठ्या घरात ऱ्हातोय.”

उमेश भांडला नाही, बापाशेजारी बसला. पाटीवर काय लिहिलंय, कागदावर काय लिहिलंय, ते त्याने एकेक करून बापाला सांगितलं. चड्डीचं तेवढं सांगितलं नाही.

बहिरूने आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून बघितला.

“माळावर मानूसच नव्हतं,” तो म्हणाला, “तर त्यांनी नारळ कुनाच्या हातात दिला?”